मदत हवी आहे: दीड वर्षाच्या मुलीचा एक्झिमा, रात्रभर खाजवते

वाकडचा_बाबा
एक्झिमा आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय, त्यामुळे "आधी डॉक्टरांना दाखवा" नको. मलम लावलं की दोन-तीन दिवस बरं, सोडलं की आधीपेक्षा जास्त. मॉइश्चरायझर दोन वेळा चालू आहे. रात्री अकरानंतर ओरबाडायला लागते, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. आज रात्री काय करायचं तेवढं सांगा.

अनुस्वार
कुठलं मलम? नाव टाका. चट्टे कुठे, कोरडे की लस येतेय? ताप? अंघोळ कशाने, किती गरम पाण्याने? घरात आणखी कोणाला खाज आहे का?

नाचणी_सत्त्व
साबण पूर्ण बंद करा. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ आणि मसुराच्या पिठात दूध-हळद कालवून अंगाला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच.

चिठ्ठी_दाखवा
ताई, साबण बंद हे बरोबर. पण पीठ कितीही बारीक दळलं तरी रवाळच राहतं, आणि या मुलांच्या कातडीचा वरचा थर आधीच गळका असतो. त्यावर पीठ घासणं म्हणजे भिंतीचा पोपडा उचकटणं. वर दूध आणि मसूर हे खायचे पदार्थ. फुटलेल्या कातडीवर लावले तर पुढे त्यांचीच अॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. कडुनिंबाच्या पाण्याने चरचरतं, मूल अंघोळीलाच घाबरतं.

वाकडचा_बाबा
गाल, कोपराच्या आतली घडी, गुडघ्यांमागे. थोडं मनगटांवर, पोटावर. कोरडं, लाल. ताप नाही. साबण बेबी सोपच आहे, वासाचा. थंडी आहे म्हणून पाणी कडकच घेतो. मॉइश्चरायझरची १०० मिलीची बाटली महिनाभर पुरते. डॉक्टरांचं मलम संपलं, दुकानदाराने "तेच आहे" म्हणून दुसरं दिलं. ट्यूबवर क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनॅझोल लिहिलंय. गालांवरही तेच. आजीला थोडी खाज आहे, पण ती वयामुळे.

चिठ्ठी_दाखवा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. क्लोबेटासॉल हे सर्वात कडक स्टेरॉइडांपैकी एक. दीड वर्षाच्या गालावर त्याचं काम नाही, तिथली कातडी पातळ आणि औषध जास्त शोषणारी. चेहऱ्याला लागलंच तर बहुधा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य मलम देतात, तेही मोजून. सोबतचं निओमायसिन स्वतःच अॅलर्जी करू शकतं आणि मायकोनॅझोल बुरशीसाठी, त्याचा इथे संबंधच नाही. असलं मिश्रण चिठ्ठीशिवाय विकायचंही नसतं. गालावरचं आजच थांबवा. ट्यूब आणि आधीची चिठ्ठी घेऊन उद्या त्वचातज्ज्ञांकडे. किती दिवस लावलं ते नक्की सांगा, कारण थांबवल्यावर लाली उसळू शकते.

तेलाची_वाटी
म्हणूनच म्हणते, स्टेरॉइड नकोच. लाकडी घाण्याचं खोबरेल तेल दिवसातून चार वेळा.

अनुस्वार
सौम्य इसबावर खोबरेल तेल चालतं, नाही म्हणत नाही. पण रक्त येईस्तोवर खाजवणाऱ्या मुलीला नुसतं तेल लावून ठेवणं म्हणजे सूज तशीच चालू देणं. सुजेवर योग्य ताकदीचं स्टेरॉइड, कातडीवर मॉइश्चरायझर, दोन्ही लागतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र अजिबात नको. ऑलिव्हमधलं ओलेइक आम्ल तो वरचा थर आणखी सैल करतं.

वाकडचा_बाबा
आज रात्रीचं कोणी सांगणार आहे का?

अनुस्वार
सांगतो.

पाणी कोमट, कोपर बुडवून गरम वाटलं की जास्तच. पाच ते दहा मिनिटं, बस. बिनवासाचा सिंडेट क्लीन्झर (साबण नसलेलं सौम्य धुण्याचं द्रव्य किंवा वडी), तोही काखा, जांघा, हात-पाय मळलेत तिथेच. स्पंज, घासणी काही नाही. पाण्यात तेल ओतू नका. ब्रिटनमध्ये ४८२ मुलांवर चाचणी झाली (२०१८), अंघोळीत घालायच्या तेलाने फरक पडला नाही, टब निसरडा होतो तेवढाच. टॉवेलने टिपा, पुसू नका. अंग दमट असतानाच, तीन मिनिटांत मॉइश्चरायझर.

आणि प्रमाण, खरी गडबड इथे आहे. महिन्याला १०० मिली म्हणजे रोज जेमतेम तीन मिली. सगळ्या अंगाला लावायचं असेल तर मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. लावल्यावर कातडी चकचकीत दिसली पाहिजे, लोमांच्या दिशेने वरून खाली, चोळायचं नाही. डबा असेल तर बोटं बुडवू नका, धुतलेल्या चमच्याने काढा, नाहीतर डबाच जंतूंचं घर होतो.

तेलाची_वाटी
मग मलमासारखं घट्टच घ्या, लोशन म्हणजे नुसतं पाणी.

चिठ्ठी_दाखवा
ब्रिटनमध्येच ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल, ऑइंटमेंट चारही तुलना करून पाहिली. सरासरीत कोणीच सरस नाही. जे मूल लावू देतं आणि घरचे थकत नाहीत ते चांगलं. फक्त सुगंध नको, आणि युरिया असलेलं इतक्या लहान मुलांना झोंबतं.

स्टेरॉइड मोजायचं असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर ट्यूबची एक रेघ, साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन मोठ्या तळव्यांएवढ्या भागाला पुरते. "जरासं लावलं" म्हणजे बहुतेकदा पाव भाग लावलेला असतो. मग दहा दिवसांत बसणारं महिना रेंगाळतं आणि बदनाम मलम होतं.

टँकर_पुराण
वाकड ना? तिथे टँकरचं क्षारयुक्त पाणी. सॉफ्टनर बसवा, निम्मा त्रास जाईल.

अनुस्वार
त्याचीही ब्रिटनमध्ये चाचणी झाली, २०११ साली निष्कर्ष आला, ३३६ मुलं. सॉफ्टनरने एक्झिमात फरक नाही. ते पैसे मॉइश्चरायझरला लावा.

टँकर_पुराण
त्यांच्या देशातलं पाणी आणि आमच्या बोअरचं सारखं का? नळाची तोटी पांढरी होते इथे.

स्वयंपाकघर_सम्राज्ञी
माझ्या हातांना भांड्यांच्या पावडरने भेगा पडतात, त्यावर काय लावू? आतून सुती आणि वरून रबरी मोजे घालते, तरी...

अनुस्वार
ताई, वेगळा धागा काढा, इथे लेकरू जागं आहे.

ओलं_फडकं
ओली पट्टी सांगायची राहिली. मॉइश्चरायझर लावून सुती बनियन-पायजमा कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, तो आतून, वर कोरडा जोड. खाज पटकन निवते.

चिठ्ठी_दाखवा
निवते, पण आज नको. खालच्या क्लोबेटासॉलचं शोषण ओल्या कापडाखाली वाढेल, पुण्याच्या थंडीत मूल गारठेल, आणि कुठे पू असेल तर पसरेल. डॉक्टरांनी दाखवल्यावर करा. आज नखं सरळ कापून कड घासा, पातळ सुती कपडे उलटे घाला म्हणजे शिवण टोचत नाही, लोकरीचं अंगाला लागू देऊ नका, पांघरूण हलकं. खाजेचं सिरप मनाने देऊ नका, त्याने गुंगी येते, एक्झिमाची खाज फारशी थांबत नाही.

मधाच्या रंगाची खपली, पू किंवा वाढती ऊब दिसली तर सकाळी लवकर जा. पंचने पाडल्यासारखे एकसारखे बारीक फोड-व्रण आणि ताप, मूल मलूल असेल, तर रात्रीच हॉस्पिटल गाठा. तो नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, ओठाला फोड आलेल्या मोठ्यांच्या पापीतूनही येतो.

आणि देवघरातली समई लांब ठेवा. पॅराफिनवाल्या मॉइश्चरायझरने भिजलेला कपडा भुरकन पेटतो, धुऊनही पूर्ण निघत नाही.

अनुस्वार
आजीच्या खाजेचं राहिलं. रात्री वाढते का? बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक रेघा किंवा पुटकुळ्या? मुलीच्या तळव्यांवर, तळपायांवर? पोट-मनगट एक्झिम्यातही येतं, पण दोघींना एकदम म्हटलं की खरूज बघावी लागते. स्टेरॉइडखाली ती दबते, सोडलं की उसळते. तुमचं "सोडलं की आधीपेक्षा जास्त" तसंच वाचलं मी.

वाकडचा_बाबा
कोमट पाणी, मॉइश्चरायझर झालं. टॉर्च लावून आत्ता बघितलं. आजीच्या मनगटावर दोन बारीक वाकड्या रेघा आहेत. मुलीच्या एका तळपायावर तीन पुटकुळ्या, त्या डासाच्या समजलो होतो.

अनुस्वार
उद्या दोघींना घेऊन जा, तुम्हीही जा. खरूज निघाली तर घरातल्या सगळ्यांना, खाज नसली तरी, एकाच रात्री औषध लावायला सांगतील आणि साधारण आठवड्याने पुन्हा. चादरी, अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात. गरम धुता येत नाही ते पिशवीत बांधून निदान तीन दिवस बाजूला. पण मुलीच्या फुटलेल्या अंगावर आज मनाने काही लावू नका, आधी डॉक्टरांना बघू दे. फोटो काढून ठेवा, सकाळपर्यंत खाजवून रेघा पुसल्या जातात.