मदत हवी आहे: मासे सकाळचे खाद्य खात नाहीत, रात्री मात्र तुटून पडतात

काळी_माती:
थंडी सुरू झाल्यापासून आमच्या शेततळ्यातले मासे सकाळी सहाला टाकलेल्या खाद्याकडे फिरकत नाहीत. दाणे उन्हे वर येईपर्यंत तरंगत राहतात आणि वाऱ्याने कोपऱ्यात गोळा होतात. तेच मासे रात्री आठला टाकलेले खाद्य बघता बघता संपवतात. त्यामुळे सकाळचा हप्ता बंद करून सगळे खाद्य रात्री एकदाच द्यावे, असा विचार आहे. त्याने पचनावर परिणाम होईल का, एवढेच सांगावे. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) घ्या असे कृपया सुचवू नये, कारण रात्रीच्या विजेचा भरवसा नाही.

नीलतळे:
मासे कोणते, हेच आपण लिहिलेले नाही. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना जठर नसते, खाल्लेले थेट आतड्यात जाते, त्यामुळे एका वेळी भरपूर खाऊन ठेवण्याची त्यांच्याकडे सोयच नाही. तिलापियाचे जठर लहान असते आणि तो मुख्यतः दिवसा खातो. पंगासचे जठर बऱ्यापैकी मोठे असते आणि तो कमी उजेडात मोकळेपणाने खातो. माशांचे सरासरी वजन आणि पाण्याचे तापमानही कळवावे.

काळी_माती:
पंगास आहेत. एवढे रात्री खातात म्हटल्यावर दुसरे काय असणार? वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे. तापमान मोजलेले नाही.

कोंडा_पेंड:
तरंगत्या खाद्याचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड छिद्रे पाडलेल्या पोत्यांत भरून ती बांबूला टांगली की मासे भूक लागेल तेव्हा येऊन खातात आणि वेळापत्रकाचा प्रश्नच उरत नाही. आंध्रात मोठमोठी तळी याच पद्धतीवर चालतात.

नीलतळे:
ती तळी रोहू-कटल्याची असतात. येथे प्रश्न पंगासचा आहे आणि तोही थंडीतला.

खाडीकर:
आम्ही कोळंबी करतो. खाद्याबरोबर चेक ट्रे (तळाशी ठेवायचे जाळीचे ताट) पाण्यात सोडावा आणि दोन तासांनी वर काढून किती उरले ते पाहावे. कोळंबीचे आतडे काही तासांतच रिकामे होत असल्याने तिला दिवसातून चार वेळा खाद्य द्यावे लागते. आपल्या खाद्यात प्रथिने किती टक्के आहेत, तेही पाहावे.

काळी_माती:
माझे खाद्य तरंगते आहे, ट्रेमध्ये काय दिसणार? प्रथिनांविषयी मी विचारलेले नाही. रात्री द्यावे की नाही?

जुना_भोई:
खुशाल द्यावे. पंगास पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, पाण्यातला प्राणवायू घटला तरी तो तग धरतो. पुस्तकी लोक उगाच भीती घालतात.

नीलतळे:
तो हवा घेतो, हे खरे आहे. पण अन्न पचवताना माशाची प्राणवायूची गरज कित्येक तास वाढलेली राहते, आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनियाही खाल्ल्यानंतर काही तासांनी सर्वाधिक असतो. रात्री आठला पोटभर दिले, तर हा भार मध्यरात्रीनंतरच्या वेळेवर पडतो, जेव्हा शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरत असते. सूर्योदयाच्या थोडे आधी तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. पंगास त्यातून निभावेल, पण तळ्यात दुसरे मासे असतील तर ते निभावणार नाहीत. शिवाय गार पाण्यात माशाचे पचन मंदावते. आपले मासे सकाळी खात नाहीत, याचे एक कारण रात्रीचे जेवण अजून पोटात आहे, हेच असावे. आधी थर्मामीटर आणावा.

काळी_माती:
मोजले. सकाळी सहाला 19 अंश, दुपारी तीनला 24. आणि थोडे कटलेही आहेत. पाणी फार हिरवे होऊ नये म्हणून सोडले होते.

नीलतळे:
हे कटले पहिल्याच प्रश्नात यायला हवे होते. 19 अंशांना पंगास खाणार नाही, त्याला 26 ते 30 अंशांचे पाणी मानवते. म्हणून सकाळचा हप्ता अकराच्या पुढे न्यावा आणि मोठा हप्ता दुपारी साडेतीन-चारला द्यावा, म्हणजे पचनाचा बराचसा काळ उजेडात जाईल.

कोंडा_पेंड:
पोती टांगली असती तर थर्मामीटरही लागला नसता.

काळी_माती:
पण दुपारी ते वर येतच नाहीत. उद्यापासून चारला दिले तर तेही वाया जाईल.

नीलतळे:
एकदम बदलू नये. ठरलेल्या वेळी खाद्य मिळू लागले की मासे त्याआधीच गोळा होऊ लागतात, आणि काही जातींत पाचकरसही आधीच वाढू लागल्याचे आढळले आहे. आपल्या माशांना आठची सवय आहे. ती वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणावी, जागा तीच ठेवावी, आणि पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. आभाळ भरून आले असेल त्या दिवशी खाद्य निम्मे करावे. पहाटे कटले पृष्ठभागावर तोंड उघडून हवा गिळताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य देऊच नये आणि विहिरीचे ताजे पाणी उंचावरून सोडावे.

काळी_माती:
दिवसा वीज असते, पंप चालेल. पण पहाटे?

जुना_भोई:
डिझेल इंजिन भाड्याने मिळते.