माल आपला, फोनही आपणच उचलायचा: छोट्या कारखानदारांनो, अनुभव सांगा

लातूर, पेरणी यंत्रं (धागा मी सुरू करतोय)

नमस्कार मंडळी. लातूरला माझं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. नऊ माणसं, एक लेथ, दोन वेल्डिंग मशीन, एक प्रेस. ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं हा मुख्य माल. यंत्रं वर्षभर बनतात, पण त्यांची परीक्षा जूनमधल्या आठ-दहा दिवसांत होते. पाऊस पडून वापसा आला की एकाच सकाळी अख्खा तालुका पेरायला निघतो. त्या दिवशी यंत्र अडलं तर शेतकऱ्याला ‘सोमवारी या’ म्हणता येत नाही.

चार वर्षांपूर्वी औशाकडून सकाळी साडेसहाला फोन आला, ‘तुमच्या यंत्राचा एक फण बी टाकंना.’ सोयाबीनची पेरणी, 45 सेंटीमीटरच्या ओळी. एक फण रिकामा चालला तर आठवड्यानं उगवण झाल्यावर वावरात मोकळा पट्टा दिसतो, अगदी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही. मोटरसायकलला पिशवीत पाने आणि दोन नळ्या अडकवून गेलो. चाड्यात, म्हणजे बियाच्या पेटीत, बी होतं, बी सोडणारी चकती फिरत होती. नळी उपसली तर तोंडात मातीचा गोळा. धुऱ्यावर वळताना ड्रायव्हर यंत्र न उचलताच ट्रॅक्टर मागे घेत होता, ओली माती नळीत शिरत होती. चूक त्याची म्हणून मी मोकळा झालो असतो. पण आमच्या नळ्या काळ्या. आत बी अडलंय हे त्याला दिसणार कसं? दिवाळीनंतर सगळ्या यंत्रांना पारदर्शक नळ्या लावायला घेतल्या. वर्कशॉपमध्ये उभं राहून हे मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. अशी भीती बांधावर गेल्याशिवाय कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे कसं चालतं? दुरुस्तीचे पैसे घेता का? घरचे काय म्हणतात? वस्तू कुठलीही असो, स्वतः बनवलेली हवी.

मिरज, तंतुवाद्यं

आमचे पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे. ती कला सतार-तानपुऱ्याकडे वळली त्याला दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण आमच्या धंद्यात वाद्य विकलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

तानपुऱ्याचा प्राण जवारी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग अगदी हलक्या उताराचा असतो, तार त्यावर टेकत टेकत पुढे जाते आणि त्यातून तो झंकार उठतो. तारेखाली सुताचा धागा असतो, तो पुढे-मागे सरकवला की आवाज उघडतो किंवा मिटतो. रोजच्या वाजवण्यानं घोडीवर तारेची रेघ पडते, पावसाळी हवेत लाकूड फुगतं, आणि मग फोन येतो, ‘तानपुरा बोलत नाही.’

गेल्या श्रावणात पुण्याच्या एका गायिकेचा असाच फोन आला. चार दिवसांवर कार्यक्रम. फोनमधून जवारी कळत नाही, वरचे बारीक स्वर त्यात येतच नाहीत. म्हणून मी ऐकणं सोडून विचारत गेलो. पंचमाची तार की जोड? झंकार लगेच मरतो की सुरुवातच होत नाही? धागा कुठे आहे? मग सांगितलं, ‘तो गव्हाच्या दाण्याच्या निम्म्यानं पुढे घ्या. आता छेडा. अजून केसभर.’ तीन तारा बोलल्या. खर्ज काही केल्या बोलेना. ती घोडीच घासायला हवी होती. ते कानशीचं काम, ते फोनवर कुणाला सांगायचं नाही, दोन हात जास्त बसले तर घोडी गेली. रात्रीच्या गाडीनं गेलो, सकाळी दीड तासात काम झालं. जवारीची मजुरी आणि गाडीभाडं घेतलं. धागा सरकवायला सांगण्याचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत.

आणखी एक. प्रत्येकाचा कान वेगळा. कुणाला जवारी खुली हवी, कुणाला मिटलेली गोल. माझ्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे काळी एक, काळी चार अशी पट्टी लिहिलेली असते आणि पुढे एकच शब्द, ‘खुली’ किंवा ‘गोल’.

टोरांटो, गाणं शिकवते

मी कारखानदार नाही, पण मिरजेचा तानपुरा माझ्याकडे आहे म्हणून लिहिते. इथल्या हिवाळ्यात घरात सतत हीटर, हवा कोरडीठाक. पहिल्याच डिसेंबरमध्ये भोपळ्याच्या सांध्याशी केसासारखी फट दिसली आणि माझं पाणी पाणी झालं. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी कारागीर व्हिडिओवर आले. तारा उतरवायला लावल्या, वाद्य हीटरच्या झोतापासून लांबच्या भिंतीशी ठेवायला सांगितलं, खोलीत पाण्याचं भांडं ठेवायला सांगितलं. फट तिथेच थांबली. त्या रात्री मला झोप लागली ती त्यांच्यामुळे.

कोल्हापूर, चपला

माझे मिस्टर आणि दीर तळ कापतात, पट्टे शिवतात, मी वेण्या घालते आणि ऑर्डरी बघते. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. 2019 ला जीआय मिळाला, आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.

लोक मापासाठी कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवतात आणि त्याचा फोटो पाठवतात. फोटोत माप कळत नाही हे आम्हाला दोन जोड्या परत आल्यावर कळलं. आता सांगते, कागदावर शेजारी पट्टी ठेवा आणि दोन्ही पायांचं काढा. कितीतरी जणांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो आणि त्यांना ते आयुष्यभर माहीत नसतं. आम्ही मग तसाच जोड करतो, एक पाय सुताभरानं मोठा. दुकानातला जोड असा मिळणार नाही.

‘चप्पल चावते’ हा फोन तर ठरलेला. रागावलेलं माणूस असतं, त्याला आधी बोलू द्यायचं. मग विचारायचं, कुठे चावते? अंगठ्याशी की कानाशी, म्हणजे बाजूच्या पट्टीशी? अंगठ्याशी असेल तर तेलाचं बोट लावून घरात रोज थोडा वेळ घाला, आठवड्यात सैल होते. कानाशी असेल तर आमचं माप चुकलं, परत पाठवा. पावसात घालू नका हे मी प्रत्येक खोक्यात हातानं लिहून टाकते.

भोसरी, जिग आणि फिक्श्चर

इथले अनुभव वाचून बरं वाटलं, पण आमची बाजू वेगळी आहे. मशीनवर पार्ट जागच्या जागी पक्का धरणारी साधनं आम्ही बनवतो, आमचं गिऱ्हाईक म्हणजे कंपनी. त्यांची लाइन रात्री दोनला थांबली तर फोन मलाच, आणि मी जातो. फिक्श्चरची एक पिन झिजली की शंभर पार्ट रिजेक्ट होतात, म्हणून पिना पिशवीत तयार ठेवतो. जाण्याबद्दल तक्रार नाही. दुःख याचं की त्याच कंपनीत माझं बिल सात महिने टेबलावर पडून होतं.

सगळ्यांनी माहीत करून घ्या. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा एमएसएमई कायदा 2006 चा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. एप्रिल 2024 पासून आयकरातही आलं आहे, मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा करता येतो. मी तक्रार केली नाही. लघुउद्योगाच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचा नंबर बिलावर मोठ्या अक्षरांत छापला आणि अकाउंट्सच्या साहेबांना समोर बसून हे समजावलं. मार्चअखेर पैसे आले. रात्री दोनला धावणाऱ्या माणसानं दुपारी दोनला हक्काचे पैसे मागायला लाजू नये.

अहिल्यानगर, घरघंटी

मी फोन उचलणं बंद केलं होतं. आई आजारी होती, जेवणाच्या ताटावरून तीन-तीनदा उठायचो. आता बिलावर छापलंय, सकाळी 10 ते संध्याकाळी 6. दहातले सात फोन एकाच गोष्टीचे असायचे, धान्य दमट आणि जाळी तुंबलेली. जाळी काढून ब्रशनं कशी साफ करायची याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ केला. गिऱ्हाईक दुरावलं नाही. लातूरकर, तुमचा जून वेगळा, पण बाकीचे अकरा महिने संध्याकाळ घरच्यांना द्या.

वेंगुर्ला, कोकम

आमचं सगळं एप्रिल-मेमध्ये. पाऊस लागायच्या आत सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, वाळली पाहिजेत. रसाची पुटं देत देत उन्हात घालायची. आगळ (खारवलेला रस) आणि अमृत कोकम (साखरेचं सरबत) बाटल्यांत भरतो, अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी आहे, कामाला आम्ही पाच बायका.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात नागपूरच्या काकूंचा फोन. अमृत कोकमची बाटली उघडली तर फसकन फेस वर आला. म्हणजे आंबलं. वही काढली. प्रत्येक भरणीची तारीख, साखरेचं वजन, बाटल्या कुणाला गेल्या ते मी लिहिते. त्या दिवशी पाऊस आला म्हणून घाईत भरलं होतं, बाटल्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. 40 बाटल्या, 26 घरं. दुपारी बसून सगळ्यांना फोन लावले. ‘पिऊ नका, ओतून टाका, दुसरी पाठवते.’ निम्म्यांच्या बाटल्या चांगल्या होत्या, तरी पाठवल्या. त्या वर्षी अमृत कोकमात काही उरलं नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

लातूर, पेरणी यंत्रं

ताई, वाचून अंगावर काटा आला. नागपूरच्या काकूंनी पुन्हा मागवलं का?

वेंगुर्ला, कोकम

दर मेमध्ये मागवतात, त्यांच्या बहिणीकडेही जातं आता. बाटल्या आम्ही दोन दिवस उन्हात उलट्या घालतो. भरल्यावर आठ दिवस घरातच ठेवतो. आणि खोक्यात जाण्याआधी प्रत्येक झाकणावर अंगठा दाबून बघतात त्या सासूबाई. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.