यंदा हळदीकुंकू घरी करायचं ठरवलंय, पण हाताचं काय करू?

कृष्णाकाठची (सांगली), २ जानेवारी

नमस्कार. वय ४१. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशोबाला आहे. सात वर्षांपूर्वी उजव्या अनामिकेच्या टोकाला कोड उठलं. मग मनगट, आणि आता दोन्ही पंजे आणि ओठाची कड.

तेव्हापासून दर १ जानेवारीला डायरीच्या पहिल्या पानावर एकच संकल्प लिहीत आले: यंदा डाग घालवायचे. त्यापायी एका वर्षी मासे सोडले, एका वर्षी दूध. २०२१ मध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून बावचीचं तेल चोळून उन्हात बसले. मनगटावर टपोरे फोड आले, ते सुकायला महिना गेला. यंदा नवी डायरी उघडली आणि ते वाक्य लिहायला हातच धजेना. पान कोरंच आहे.

काल दुकानात राजापुरीची पोती उघडली होती. नमुना बघायला हात घातला. हळदीची धूळ माझ्या सावळ्या कातडीवर नुसती मळकट दिसते, पांढऱ्या भागावर मात्र लख्ख पिवळी, नवरीच्या हातासारखी. एरवी मी लगेच पदराला पुसते. काल बघत उभी राहिले.

संध्याकाळी घरी सांगून टाकलं, संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा आपल्याकडे. सहा वर्षांत केलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "कर, पण कुंकू लेकीला लावू दे." त्यांचंही चुकतंय असं नाही. तीन वर्षांपूर्वी शेजारी मदतीला गेले होते, तेव्हा एका बाईंनी कपाळ मागे घेतलं होतं आणि "राहू दे, मी लावते माझं" म्हणाल्या होत्या. कुंकू अनामिकेनंच लावायचं आणि माझं तेच बोट आधी पांढरं झालेलं. अत्तर लावायचं तेही पंज्याच्या मागच्या बाजूला. लपवायला जागाच नाही.

दुसरा प्रश्न जास्त छळतो. आठवड्यातून दोनदा मिरजेला लाइट घ्यायला, म्हणजे डागांवर प्रकाशाचे उपचार घ्यायला जाते. स्वतःला आहे तशी मानायचं ठरवलं, तर हे उपचार सोडायचे का? दोन्ही चालू ठेवलं तर मी स्वतःशी खोटं बोलतेय असं वाटतं.

खडू_फळा (कराड)

ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते, कोड २२ वर्षांचं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले होते, मे महिन्यातसुद्धा तेच. एकदा पहिलीतल्या एका मुलीनं माझं बोट धरून विचारलं, "बाई, खडू लागलाय?" आणि स्वतःच्या फ्रॉकला पुसायला लागली. त्या दिवशी वर्गाला सांगितलं की हा माझा रंग आहे, दुखत नाही, तुम्हाला होणार नाही. दोन मिनिटं लागली. आठवडाभरात मुलं विसरलीसुद्धा. बायकांनाही एवढंच सांगा, आणि त्यांनी विचारायच्या आधी सांगा. नजरा झेलत ताटकळणं फार थकवतं.

उपचार मी नऊ वर्षांनी थांबवले, कारण कंटाळले होते. तुम्ही कंटाळला नसाल तर कशाला सोडता?

रात्रपाळी (मिरज)

त्वचारोग विभागात परिचारिका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, त्यातून कोड येतं. ते स्पर्शानं पसरत नाही आणि दूध-माशांनी होत नाही. कुष्ठरोगाशीही संबंध नाही. कुष्ठाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, कोडावर पूर्ण कळते.

आता तुमच्या बोटांबद्दल. रंगाच्या नव्या पेशी बहुतेक केसांच्या मुळांतून वर येतात. बोटांची टोकं आणि ओठ इथे केसच नाहीत, म्हणून तिथला रंग परत येणं सगळ्यात अवघड. मनगटावर लाइटचा गुण येऊ शकतो, टोकांवर कदाचित कधीच नाही. सात वर्षं तुम्ही त्या टोकांसाठी स्वतःला दोष देत असाल तर कृपा करून थांबा. लाइट मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या. बावची पुन्हा नको, तिच्यातल्या द्रव्यामुळे उन्हात कातडी भाजते. घट्ट बांगड्या टाळा, घासलं जातं तिथे नवा डाग उठू शकतो. चिकटवायच्या टिकलीपेक्षा कुंकू बरं, काही टिकल्यांच्या गोंदानंही कपाळाचा रंग जातो.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन आहे, अशाच लोकांचा स्वमदत गट. तिथल्या लोकांशी बोलून बघा.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

पोरी, माझं वय ६७. मी त्या कपाळ मागे घेणाऱ्या बाईसारखीच होते. माझ्या धाकट्या जावेला कोड होतं. तिची कपबशी मी वेगळी ठेवली होती, कान तुटलेली, फडताळाच्या खालच्या कप्प्यात. ती स्वतःच काढून घ्यायची, धुऊन परत ठेवायची, मला कधी बोलली नाही. २०१४ ला गेली. वरचं सगळं त्या सिस्टरबाईंनी लिहिलंय ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. तू बोलव बायकांना. सातारहून येता आलं असतं तर मी पहिली पाटावर बसले असते.

कृष्णाकाठची (सांगली), २२ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सातारच्या काकू, तुमचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

काल झालं हळदीकुंकू. चाळीस जणींना बोलावणं होतं, सव्वीस आल्या. वाणाला १०० ग्रॅम हळदीच्या पुड्या दिल्या. बाह्या कोपरापर्यंतच होत्या. कराडच्या ताईंनी सांगितलं तसं प्रत्येकीला आधीच म्हणाले, "मला कोड आहे, लागत नाही, लावू का?" पहिल्या तिघी-चौघींपुढे बोट थरथरत होतं, एकीचं कुंकू नाकावर सांडलं. त्या शेजारच्या बाईही आल्या. त्यांनी करंडा माझ्या हातून घेऊन स्वतःच लावून घेतलं. लागलं मनाला. पण अत्तराला त्यांनी हात पुढे केला, मी लावलं.

सासूबाई पूर्ण वेळ आत तिळगुळाच्या वड्या मांडत होत्या. सगळ्या गेल्यावर बाहेर आल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं राहिलंय."

लाइट चालू ठेवतेय. डायरीच्या पहिल्या पानावर मिरजेचे वार लिहून टाकले, मंगळवार आणि शुक्रवार. थायरॉइडचं रक्त सोमवारी द्यायचंय.