अनुभव धागा: कॉलेजचा प्रोजेक्ट शेतात नेला तेव्हा

कृषी, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशी सरमिसळ टोळी जमवून स्मार्ट शेतीचं काही केलं असेल तर लिहा. रिपोर्टात छापलेलं नको, बांधावर घडलेलं हवं. सुरुवात मीच करते.

कृषिकन्या
रावेसाठी, म्हणजे कृषी पदवीतल्या गावात राहून करायच्या कामासाठी, गावात होते. इंजिनिअरिंगची मुलं डाळिंबाच्या बागेत ओलाव्याचे कपॅसिटिव्ह सेन्सर घेऊन आली. कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे जुळवून घेणं, झालंय म्हणे: एकदा हवेत धरून, एकदा पाण्याच्या ग्लासात. मी म्हटलं, झाड ग्लासात लावणार का? मग त्याच बागेतली माती आणली, ओली असताना वजन केलं, ओव्हनमध्ये 105 अंशांना 24 तास ठेवून पुन्हा केलं. त्यांना कंटाळा आला, पण त्यावरून निघालेला सेन्सरचा आकडा आणि खरा ओलावा यांचा आलेख लगेच उचलला. खरी गंमत पुढे. बहार धरायला बागेला ताण दिला, म्हणजे पाणी तोडलं, काळी जमीन भेगाळली आणि सेन्सरला लागून फट पडली. तो बिचारा फटीतली हवा मोजून 'एकदम कोरडं' सांगत बसला.

सोल्डरिंगवाला
या स्वस्त सेन्सरची कापलेली कड उघडी असते, तिथून पाणी शिरतं. नेलपॉलिशचे दोन हात मारा. आणि ईएसपी-32 या छोट्या कंट्रोलर चिपवर वाय-फाय चालू असताना एडीसी-2 च्या (सेन्सरचा व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वाचता येत नाहीत. उगाच मातीला दोष देऊ नका.

मेकॅनिकल, शेवटचं वर्ष
टाकी कमरेएवढ्या उंचीवर, पाणी नुसत्या उताराने ठिबकला. विजेच्या चुंबकावर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टक् करतोय, पाणी काही येत नाही. या प्रकारच्या व्हॉल्व्हचा पडदा उचलायला लाइनमध्येच दाब लागतो, तो एवढ्या उंचीवरून मिळत नाही. मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह बसवला. पण वीज गेली की तो आहे तसाच उघडा राहतो. म्हणून बॅटरी आली, बॅटरीसाठी सोलर पॅनेल आलं, आणि पॅनेल बघायला वानरं आली.

बागायती
आमच्या टीमचा अल्गोरिदम झकास होता: ओलावा अमुकच्या खाली गेला की मोटर सुरू. वडील म्हणाले, "लाइट कोण देणार?" आमच्याकडे थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मोटर ऑटोवर. लाइट आली की सुरू. तेव्हा प्रश्नच बदलावा लागला: लाइट आहे तेवढ्यात कुठल्या प्लॉटला आधी पाणी द्यायचं? कोड लिहिणारी मैत्रीण ओट्यावर बसून वडिलांचा क्रम लिहून घेत होती. आधी हलकं रान, मग भारी. सेन्सरांनीही जवळजवळ तोच क्रम दिला, फक्त विहिरीजवळचा तुकडा सोडून. तिथे पाणी जास्त होतंय हे वडिलांनी अजून मान्य केलेलं नाही.

द्राक्षपंढरी
मी कॉम्प्युटरची. पानाच्या फोटोवरून रोग ओळखायचं मॉडेल केलं होतं. प्लांटव्हिलेज या खुल्या संग्रहात 54 हजारांवर फोटो आहेत, साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान. लॅपटॉपवर अचूकता अशी की सर खूश. नाशिककडच्या बागेत गेलो तर कृषीच्या मित्राने विचारलं, "यात डाऊनी कुठंय? भुरी?" हे दोन्ही द्राक्षावरचे बुरशीजन्य रोग. त्या संग्रहात द्राक्षाचे ब्लॅक रॉट, एस्का आणि लीफ ब्लाइट हे रोग आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्याकडच्या बागायतदारांची झोप उडवणारे दोन्ही रोग नाहीतच. मग फोटो स्वतः काढायला घेतले. तेही पान उलटं करून, कारण डाऊनीची पांढरी बुरशी खालच्या अंगाला येते. कोणता डाग औषधाचा आणि कोणता रोगाचा, यावर आमची भर उन्हात भांडणं. लेबलं शेवटी त्यानेच लावली. आता अचूकतेचा आकडा पूर्वीपेक्षा कमी आहे, सर नाराज आहेत, आणि बागायतदार पानांचे फोटो पाठवायला लागलेत.