मदत हवी आहे: ग्नोम घ्यावं की केडीई प्लाझ्मा?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लॅपटॉपवर त्याऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलंय. तिथवर ठीक. पण लिनक्समध्ये डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेन्यू दाखवणारा भाग, आपण निवडायचा असतो; ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा हे त्यातले दोन. यातला कोणता, यावर बहीण आणि मी चार दिवस भांडतोय.

तिला ग्नोम हवंय. पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं, दिसायला खरंच देखणं आहे. पण खिडकीला मिनिमाइझचं बटणच नाही! ट्वीक्स नावाच्या ॲपमधून ते आणता येतं म्हणे. डेस्कटॉपवर आयकॉन ठेवायचे तर एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लागतं, आणि ग्नोमची नवी आवृत्ती आली की जुनी एक्स्टेन्शन्स बंद पडू शकतात. तिचं म्हणणं, सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबली की सगळ्या खिडक्या समोर मांडल्या जातात, मग मिनिमाइझ करायचंच कशाला? तर्क बरोबर आहे, पण माझा हात ऐकत नाही.

मला प्लाझ्मा ६ आवडलं. पॅनल (टास्कबारसारखी पट्टी) खाली आहे, हवं तर डावीकडे नेता येतं, फाइल डबल क्लिकने उघडते (प्लाझ्मा ५ मध्ये एका क्लिकने उघडायची). फक्त सेटिंग्ज इतक्या की माणूस त्यातच हरवतो.

लॅपटॉप दोघांनी वापरायचा आहे. दोन्ही डेस्कटॉप एकत्र टाकून लॉगिन करताना निवडणारं कोणी आहे का? मेन्यूत ॲप्सची खिचडी होते का? आणि मिनिमाइझशिवाय राहायची सवय लागायला तुम्हाला किती दिवस लागले, तेही खरं खरं सांगा.