सिन्नरकडचा माळ घेऊन जंगल लावायचंय, घ्यावा का?

अंबडचा_फिटर

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये रिटायर झालो. चौतीस वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये काढली. मायक्रॉनमध्ये बोलायची सवय आहे, झाडापानांतलं मात्र शून्य. हातात फंडाचे थोडे पैसे आहेत आणि डोक्यात एकच खूळ. जमीन घ्यायची आणि तिथे जंगल उभं करायचं. फार्महाऊस नको, आंब्याची बाग नको. जंगल.

शेतकरी दाखल्याची अडचण नाही. चांदवडला वडिलोपार्जित सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावं आहेत. मग तिथेच लाव असं कुणी म्हणेल. ते कांद्याचं रान आहे हो. बांधावर एक लिंब लावला तर सावली पडते म्हणून धाकटा दोन दिवस बोलला नाही.

एजंटाने सिन्नरच्या नैऋत्येला, ठाणगावच्या अलीकडे एक माळ दाखवलाय. डांबरीपासून पाऊण किलोमीटर आत. सातबाऱ्यावर १ हेक्टर ३० आर, म्हणजे सव्वातीन एकराला जरा कमी. त्यात ५२ आर जिरायत, बाकी सगळा पोटखराबा, म्हणजे पिकाला न चालणारा. वरचा भाग सपाट, खाली उतार, मधून एक घळ जाते. गवत गुडघ्याच्या वर. एक बोर आणि पाचसहा पळस, तेही माझ्या खांद्याएवढेच. विहीर नाही, बोअर नाही. विकणारा सारखा एकच म्हणत होता, "ओसाड पडलंय साहेब, त्यात काही येत नाही." तरी एकरी चौदा लाख सांगतोय!

माझा हिशोब असा. १० बाय १० फुटांवर रोपं धरली तर १३९९ बसतात. मे महिन्यात जेसीबीने सगळं साफ करून घ्यायचं, जूनमध्ये एकदम लावायची, ५००० लिटरची टाकी आणि ठिबक. कागद काय बघू, झाडं कुठली लावू, आणि पाण्याचं गणित बरोबर आहे का, एवढं सांगा. घरच्यांचा प्रश्न वेगळाच आहे, "राखणार कोण?" त्याचंही उत्तर द्या म्हणजे मी सुटलो.

जुना_फेरफार

दादा, झाडं नंतर. आधी कागद.

मोबाईलवर दिसतो तो आजचा सातबारा. तेवढ्यावर जाऊ नका. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुने हाताने लिहिलेले उतारे आणि त्यावर आलेला एकेक फेरफार, म्हणजे मालकी-हक्क बदलाची नोंद, काढा. तीस वर्षांचे तर काढाच, जमलं तर १९७५च्या मागे जा. कारण ३० ऑगस्ट १९७५ला खाजगी वन संपादनाचा कायदा लागू झाला, आणि तुम्ही वर्णन करताय तसे गवताचे उतार त्यात बरेच सापडले. 'इतर हक्क' रकान्यात, आजच्या किंवा जुन्या, 'खाजगी वन' किंवा (वन कायद्याचं) 'कलम ३५' असं काही दिसलं तर चहासुद्धा न घेता उठा. जंगल लावायला गेलात आणि जमीन आधीच कागदोपत्री जंगल निघाली, असे लोक मी पाहिलेत.

भोगवटादार वर्ग १ आहे ना? वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. विकणारा आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ बघा, आदिवासी जमिनीच्या विक्रीवरचं बंधन त्यात आहे. "साध्या कागदावर करून घेऊ" म्हणणारा भेटला की नमस्कार करायचा.

बहिणी. हे ठळक करून वाचा. "बहिणी काही मागत नाहीत" हे वाक्य प्रत्येक व्यवहारात ऐकू येतं. मागत नसतील तर सही द्यायला काय जातंय? रजिस्टर हक्कसोडपत्र होऊ द्या, मग इसार.

मोजणीही इसाराच्या आधी. माळाला बांध नसतो, दगड असतो, आणि दगडाला रात्री पाय फुटतात. पाऊण किलोमीटर आत जाताना कुणाकुणाच्या गटातून जाता तेही लिहून काढा. नकाशावर रस्ता आहे की नुसती वहिवाट, याने भावात मोठा फरक पडतो.

खरेदी झाली की लावाल त्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करत चला. एक लक्षात असू द्या, साग, खैर, ऐन, अंजन, मोह ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्यात येतात. स्वतः लावलेलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येणार नाही. तुम्हाला तोडायचंच नाही म्हणा. पण नातवंडांचं कोणी सांगावं.

करवंद

दादा, तुमचा जेसीबी वाचून पोटात गोळा आला. म्हणून एवढं लांब लिहितेय.

मी आणि माझे यजमान, दोघेही शिक्षक. २०१८ला वाडीवऱ्ह्याजवळ दोन एकर घेतलं. तुमच्यासारखाच कागदावर हिशोब. एका रोपवाटिकेतून सहाशे रोपं आणली, मिश्र देशी म्हणून. त्यात निम्मी काशिद आणि गुलमोहर, म्हणजे परदेशी झाडं निघाली, ते आम्हाला पानं मोठी झाल्यावर कळलं! ऑगस्टमध्ये काय देखणं दिसत होतं. शाळेतल्या सगळ्यांना फोटो पाठवले.

दिवाळीनंतर शेळ्या आल्या. तार होती, पण तीन पदरी, आणि शेळीला तीन पदर म्हणजे दार. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी फोन आला की वणवा लागलाय. आम्ही पोचलो तेव्हा सगळं काळं झालेलं, ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटलेल्या. एप्रिलमध्ये मोजली, सहाशेतली एकेचाळीस जिवंत. त्या रात्री यजमान म्हणाले, विकून टाकू.

विकायला गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून राहिलं. आणि मे महिन्यात, पाऊस नाही, पाणी नाही, त्या काळ्या जमिनीतून जागोजाग पोपटी पालवी वर आली. पळस, मोई, आपटा, करवंद. आम्ही लावलेलं त्यात काहीच नाही. तिथल्या वस्तीवरच्या एका आजींनी विळ्याच्या टोकाने माती उकरून दाखवली. खाली माझ्या मांडीएवढा खुंट होता. दरवर्षी जळायचं, दरवर्षी शेळी खायची, दरवर्षी तो परत फुटायचा. वर दिसायला वीतभर झुडूप. आजी म्हणाल्या, "बाई, रान हाये इथं. बसू देत न्हाई कुणी त्याला."

तुमचे खांद्याएवढे पळस म्हणजे हेच. त्यांचं वय तुमच्याएवढं असू शकेल. आणि तुम्ही जेसीबी घालणार.

आमचं पुढचं काम सांगते. रोपं बंद केली. पैसा राखणीला लावला. त्याच आजींच्या नातवाला महिना पगारावर ठेवलं, आणि वस्तीला सांगितलं की गवत कापून कितीही न्या, जनावर मात्र आत सोडायचं नाही. चराईबंदी-कुऱ्हाडबंदी आपण हिवरे बाजारची म्हणून ऐकलेली असते, तीच. आता वस्तीचीच गरज आहे की आमच्या रानाला आग लागू नये, कारण त्यांचा चारा तिथे आहे. गवत बी पडल्यावर, दिवाळी उलटली की कापतात, म्हणजे जळायला फारसं उरतही नाही. कडेने दहा फूट पट्टा जानेवारीतच खरवडून काढतो. तुमच्या घरच्यांनी विचारलाय तो प्रश्न पहिला आहे. बाकीचे सगळे त्याच्यामागे.

आज आमची मोई पंधरा फुटांची आहे. ऐन आणि हिरडा लावावे लागले, पण दर पावसाळ्यात पंचवीस-तीसच, आणि तेही जिथे आधीच एखादं झुडूप सावली धरून आहे तिथे. करवंदीच्या जाळीत लावलेलं रोप शेळीला सापडत नाही.

आमच्याकडचं तुमच्याकडे जसंच्या तसं चालणार नाही. इगतपुरीच्या बाजूला पाऊस दाबून पडतो, सिन्नरकडे येईतो निम्मासुद्धा उरत नाही. तुम्ही ऐन-हिरड्याच्या मागे लागू नका. उतारावर धावडा, सलाई, मोई, अंजन, खैर, आपटा. घळीत करंज, उंबर, बेहडा. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी ही बाहेरची झाडं कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. पाण्यासाठी टाकीपेक्षा उताराला आडवे समतल चर खणा. खड्डे एप्रिलमध्येच घ्या, ऊन खाऊ द्या. मुरमात पहार ठणकन वाजली की जागा बदला, हट्ट नको.

कुंपणाचं एक गुपित सांगते. सव्वातीन एकर अगदी चौरस असला तरी घेर दीड हजार फूट भरतो. दर आठ फुटांना खांब म्हणजे १८७ खांब. सगळे सिमेंटचे घेऊ नका. मेअखेरीस मनगटाएवढ्या जाड मोईच्या किंवा पांगाऱ्याच्या सहा फुटी फांद्या आणून दीड फूट पुरा. पावसाने फुटतात. खांबाचा खांब, झाडाचं झाड. आमचे दहातले सहा तरी लागले.

चंडोल_येवला

करवंदताईंचं बरंचसं पटलं, पण माझं भांडण त्याच्याही आधीपासून सुरू होतं. वरच्या सपाटीवर जंगल हवंच कशाला?

मी येवल्याचा. आमच्याकडे ममदापूर-राजापूरला काळवीट आहे, ते माळावर आहे म्हणून आहे. सगळा माळ झाडांनी भरला तर त्याने काय झाडावर चढायचं? धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटं करतो. झाड आलं की वर कावळा बसतो आणि खालची अंडी संपली. खोकड, लांडगा, ससा, सगळी माळाचीच माणसं. 'ओसाड' हा शब्द विकणाऱ्याचा, तो तुम्ही कशाला उचलता?

गवत कुठलं आहे ते बघितलंत का? पवन्या, मारवेल, डोंगरी असेल तर तो माळ बरा राखलेला आहे. नुसती कुसळी असेल तर जास्त चरलेला. कुसळीला शिव्या देण्याआधी एक करा. सॉक्समध्ये घुसलेलं एक कुसळ काढा, तळहातावर ठेवा आणि पाण्याचा एक थेंब टाका. मग बघा.

घळीत आणि उतारावर झाडं येऊ द्या, सपाटी गवताला सोडा. १३९९चा आकडा विसरा.

करवंद

चंडोलदादा, सपाटीचं मान्य. आमच्याकडे सपाटी नव्हतीच, म्हणून सुचलं नाही.

सातपूर_लोकल

काका, पंचेचाळीस लाख घालण्याआधी एखादा पावसाळा फाशीच्या डोंगरावरच्या देवराईत श्रमदानाला या. खड्डे खणून कंबर धरली तर पैसे वाचले, नाही धरली तर अनुभव मिळाला. येताना स्वतःची टोपी आणि पाणी आणा.

अंबडचा_फिटर

सगळ्यांना दंडवत. जेसीबी रद्द.

रविवारी परत जाऊन आलो. बरोबर चुन्याची पिशवी नेली आणि गवतात वाकून वाकून जिथे पळसाचा किंवा मोईचा खुंट दिसला तिथे चिमूटभर चुना टाकत गेलो. पहिल्या वेळी मला पाचसहा पळस दिसले होते. काल अर्ध्याच उतारावर ६३ खुंट मोजले, मग कमरेने जवाब दिला. मोई कुठली आणि दुसरं काय, हे नक्की कळत नाही, पुढच्या वेळी जाणकार घेऊन जाईन. सपाटीवरून दोन टिटव्या इतक्या अंगावर आल्या की तिकडे फिरकलोच नाही.

फेरफारदादा, तुमचं तोंड गोड होवो. उताऱ्यात दोन बहिणींची नावं निघाली. विकणारा म्हणाला, शब्द न् शब्द तेच, "त्या काही मागत नाहीत." मी म्हटलं मग सही आणा. तेव्हापासून फोन उचलत नाहीये. एजंट म्हणतो धाकटी बहीण अकोल्याला दिलीय, संक्रांतीला येईल तेव्हा बोलू. खाजगी वनाची नोंद आजच्या उताऱ्यावर नाही, जुने उतारे काढायला अर्ज टाकलाय. तोवर एक रुपयाही द्यायचा नाही असं घरात ठरलंय. सातपूरकर, येत्या पावसाळ्याला टोपी घेऊन येतोच.

आणि चंडोल, ते कुसळ. सॉक्समधून अठरा निघाली, एक ताटलीत ठेवून थेंब टाकला. आधी काहीच झालं नाही, मला वाटलं चेष्टा केलीत. मग शेपटीचा पीळ उलगडायला लागला आणि अख्खं कुसळ घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला लागलं, टोक ताटलीत रुतवायला बघत. जमिनीत स्वतःचं भोक स्वतः पाडायची व्यवस्था! चौतीस वर्षं ड्रिल आणि टॅप घासले, असलं टूल पाहिलं नाही. किती वेढे घेतं ते मोजायला बसलो होतो. बायको चहा घेऊन आली तेव्हा सहावा चालू होता.