मदत हवी आहे: बोर्डावर तीनताल नीट वाजतो, गेट लेव्हल सिम्युलेशनमध्ये मात्र सगळीकडे एक्स

रियाजपेटी:
नमस्कार मंडळी, टायनी टेपआउटसाठी एक छोटं डिझाइन करतेय आणि अशा जागी अडकलेय की कुणाला विचारावं तेच कळत नाहीये, आमच्या ऑफिसात सगळे जावावाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टायनी टेपआउट म्हणजे खूप लोकांची बारकी बारकी डिझाइन्स एकाच चिपवर शेजारी शेजारी बसवून फॅबला (चिप बनवणाऱ्या कारखान्याला) पाठवतात, मग खर्च सगळ्यांत वाटला जातो. एक टाइल साधारण १६० बाय १०० मायक्रॉनची, आठ इनपुट, आठ आउटपुट आणि आठ पिना दोन्हीकडून चालणाऱ्या. मी स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटरवर करतेय, गूगल आणि स्कायवॉटरने मिळून २०२० मध्ये ज्याची पीडीके (त्या प्रोसेसवर डिझाइन करायला लागणारी फॅबची माहिती) खुली केली तेच.

तर डिझाइन आहे ताल वाजवणारं यंत्र. आई गाण्याचे क्लास घेते, तिच्यासाठी सुरू केलं आणि आता मलाच नाद लागलाय. दोन स्विचनी ताल निवडायचा (तीनताल, झपताल, रूपक, दादरा), पाच स्विचनी लय, आणि आठव्या स्विचने स्वतः भरलेला ताल. खऱ्या तबल्याची सॅम्पल्स एका टाइलमध्ये बसणं शक्यच नाही, म्हणून बायाँसाठी खाली घसरत जाणारा स्क्वेअर वेव्ह आणि दायाँसाठी वरचा टोन अधिक एलएफएसआरमधून (वाटेल तसे वाटणारे बिट काढणारं छोटं सर्किट) काढलेला खरखराट. ऐकायला जरा डब्यावर वाजवल्यासारखं येतं पण बोल ओळखू येतात.

टँग नॅनो ९के या एफपीजीए बोर्डावर (एफपीजीए म्हणजे आतल्या जोडण्या आपण हव्या तशा भरू शकतो अशी चिप) हे सगळं मस्त चालतंय, २७ मेगाहर्ट्झवर, तापकीर गल्लीतून आणलेला छोटा स्पीकर आणि पीएएम८४०३ वाला अँप्लिफायर लावून आईला ऐकवलंसुद्धा. साधं आरटीएल सिम्युलेशन, म्हणजे लिहिलेला कोड तसाच चालवून बघणं, पास. गिटहबवर जीडीएससुद्धा (फॅबला द्यायची ले-आउटची फाइल) बनतो, हिरवी टिक येते. पण त्याच्यानंतरची गेट लेव्हल टेस्ट, म्हणजे तयार झालेली नेटलिस्ट (गेट्स आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) खऱ्या सेलच्या मॉडेल्सवर चालवतात ती, पहिल्याच असर्टला पडते. कोकोटीबी (टेस्ट चालवणारं टूल) म्हणतं आउटपुटमध्ये एक्स आहे, म्हणजे शून्य का एक ते माहीत नाही, त्याचा आकडा कसा करू. जीटीकेवेव्हमध्ये (सिग्नलच्या रेघा दाखवणारं टूल, एक्स लाल दिसतो) उघडलं तर मात्रेचा काउंटर, एलएफएसआर, पीडब्ल्यूएम (पल्सच्या रुंदीतून आवाज काढणारा भाग) सगळे लालभडक, शेवटपर्यंत लालच.

प्रश्न असा की यातलं खरं कुणाचं मानू? बोर्ड वाजतोय ते, का सिम्युलेटर बोंबलतोय ते? शटल (एकत्र फॅबला जाणारी डिझाइन्सची खेप) बंद व्हायची तारीख जवळ आलीय आणि पैसे भरून मुकी चिप हातात यायला नको.

खडकमाळ_आळी:
५५५ (टायमर) आणि ४०१७ (काउंटर) घ्यायचे की ताई, शंभर रुपयांत काम झालं असतं. अर्थात ४०१७ ला दहाच आउटपुट, म्हणजे झपतालाच्या पुढे जाता येणार नाही.

रियाजपेटी:
@खडकमाळ_आळी दोन ४०१७ जोडले की तीनतालही होतो, पण मग चिप बनवायची मजा कुठे उरली :)

लालरेघ:
ताई दोन गोष्टी सांगा आधी. एक, टेस्टबेंचमध्ये सुरुवातीला रिसेटची पिन खाली ओढून थोडे क्लॉक देताय का. दोन, तुमच्या ऑलवेज ब्लॉक्समध्ये (क्लॉकवर चालणारा कोड) त्या रिसेटला विचारतंय कोण? का सगळं इनिशियल ब्लॉकवर, म्हणजे सुरुवातीच्या किमती नुसत्या लिहून ठेवून, चाललंय?

रियाजपेटी:
टेस्टबेंच रिसेट देतंय, टेम्प्लेटमध्ये होतं तसंच ठेवलंय. डिझाइनमध्ये फक्त लयीच्या काउंटरला रिसेट आहे. बाकीच्यांना डिक्लेअर करतानाच इक्वल टू शून्य, एलएफएसआरला इक्वल टू एक, आणि स्वतः भरायच्या तालाची १६ बाय ४ बिटांची मेमरी आहे तिच्यात फाइल वाचून दादरा भरून ठेवलाय, म्हणजे कुणी काही भरलं नाही तरी काहीतरी वाजेल. बोर्डावर हे सगळं बरोब्बर उठतं म्हणून तर कोड्यात पडलेय.

बाणेरचा_बॅकएंडवाला:
पोटापाण्यासाठी हेच करतो म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

बोर्डावर बरोब्बर उठतं कारण एफपीजीए चालू झाला की बिटस्ट्रीम आत जातो आणि त्या बिटस्ट्रीममध्ये नुसत्या जोडण्या नसतात, प्रत्येक फ्लिपफ्लॉपची (एक बिट लक्षात ठेवणारा सेल) आणि ब्लॉक रॅमची सुरुवातीची किंमतही असते. म्हणजे तानपुरा लावूनच तुमच्या हातात देतात. सिलिकॉनवर बिटस्ट्रीम नावाचा प्रकारच नाही. व्होल्टेज चढताना फ्लॉप ज्या बाजूला कलंडला तो कलंडला, शून्य किंवा एक. तुम्ही लिहिलेलं इक्वल टू शून्य असिकच्या (कायमची घडवलेली चिप) फ्लोमध्ये नेटलिस्टपर्यंत पोचतच नाही आणि त्याबद्दल एररही येत नाही, तो जीडीएसवाला हिरवा टिक एवढंच सांगतो की ले-आउट झाला. आरटीएल सिम्युलेशन तर तुमचं इनिशियल पाळणारच, त्यामुळे तेही पास.

तेव्हा सिम्युलेटरमधली लाल रेघ खरं बोलतेय. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, सगळेच एक्स सारखे धोक्याचे नसतात. समजा तुमच्याकडे क्लॉक अर्धा करणारा एक फ्लॉप आहे, दर क्लॉकला स्वतःचं उलटं घेणारा. सिम्युलेटरसाठी एक्सचं उलटं एक्स, म्हणून तो जन्मभर लाल. चिपवर तो शून्यातून उठो की एकातून, टॉगल होणारच. याला आम्ही एक्सचा निराशावाद म्हणतो.

मात्रेचा काउंटर मात्र बघा. रूपकच्या सात मात्रा, म्हणजे सहावर आला की शून्य करा असं तुम्ही "सहाच्या बरोबर असेल तर" लिहिलं असणार. आता हा चार बिटांचा काउंटर चालू होताना १२ वर उठला तर १३, १४, १५ असा जाऊन मग शून्यावर येईल, म्हणजे पहिलं आवर्तन भलतंच, त्यानंतर सुधारेल. ऐकणाऱ्याला कळेल पण चिप मेली असं नाही. "सहा किंवा जास्त" लिहिलंत तर तेवढंही होणार नाही, आणि चालू असताना तीनतालातून रूपकवर स्विच टाकलात तरी घसरणार नाही, तो बग तुमच्याकडे आत्ता बोर्डावरही असेल, बघा करून.

खरा घात एलएफएसआरचा. एक्सऑरवाला असेल आणि सगळे बिट शून्य उठले तर शून्य एक्सऑर शून्य शून्यच, तो तिथून कधीच हलणार नाही. तुमचा दायाँ कायमचा सपाट. दहा चिपांत नऊ वाजतील आणि एक नाही, आणि कारण शोधता शोधता केस पांढरे होतील. त्याला रिसेट द्याच, आणि किंमत शून्य सोडून काहीही.

रियाजपेटी:
बाप रे, तीनतालातून रूपक खरंच घसरतो! आत्ता करून बघितलं, अकराव्या मात्रेवर स्विच टाकला तर पाच मात्रा जास्तीच्या, आणि मी इतके दिवस स्विच खराब आहे समजत होते.

पण मग सगळ्यांनाच रिसेट देऊन टाकू का? जागेची भीती वाटते, साधारण ३०० फ्लॉप आहेत आणि टाइल आधीच बऱ्यापैकी भरलीय.

लालरेघ:
हिशोब करा की. स्कायवॉटरच्या हाय डेन्सिटी लायब्ररीत साधा डी फ्लॉप साधारण २० चौरस मायक्रॉन, असिंक्रोनस रिसेटवाला २५. म्हणजे ३०० ला सरसकट दिलं तर १५०० वाढणार, टाइल आहे १६,००० ची. नऊ-दहा टक्के. बसेलही, पण राउटिंगला (सेलमधल्या तारांना) श्वास घ्यायला जागा लागते, त्यामुळे जिथे गरज नाही तिथे देऊ नका. पीडब्ल्यूएमच्या तोंडाशी जो सॅम्पलचा रजिस्टर आहे त्याच्यात दर वेळी नवीनच किंमत येते, त्याला कशाला रिसेट. कंट्रोलला द्या, डेटाला सोडा, आणि डेटाचा एक्स पुढच्या एक-दोन क्लॉकमध्ये धुऊन जातोय ना तेवढं वेव्हमध्ये बघा.

बाणेरचा_बॅकएंडवाला:
+१. फक्त त्या ६४ बिटांच्या मेमरीचं वेगळं. नुसती वाचायचीच असती तर योसिसने (कोडची नेटलिस्ट करणारं टूल) तिचं गेट्समध्ये रूपांतर केलं असतं आणि दादरा आपोआप पक्का झाला असता (तुमचे चार ठरलेले ताल असेच बसलेत, म्हणून ते ठीक आहेत). पण लिहितासुद्धा येते म्हटल्यावर ते ६४ सुटे फ्लॉप झाले, आणि फाइलमधला दादरा हवेत. ६४ ना रिसेटने दादरा लिहीत बसण्यापेक्षा एकच जास्तीचा फ्लॉप ठेवा, "कुणी काही भरलंय का" असा. रिसेटला शून्य, पहिलं लिखाण झालं की एक. शून्य असेपर्यंत मेमरीकडे बघूच नका, पक्का दादरा वाजवा. आणि पहिल्या लिखाणाच्या वेळी सगळ्या १६ जागा भराव्या लागतील हे आईंना सांगून ठेवा, नाहीतर उरलेल्या मात्रांवर काय येईल ते देवालाच ठाऊक.

खडकमाळ_आळी:
एक शंका, ही शटल जिच्यामार्फत जायची ती ईफॅबलेस कंपनी २०२५ मध्ये बंद पडली ना? मग हे शटल जातं कुठून? पैसे भरायच्या आधी विचारलेलं बरं.

लालरेघ:
बंद पडली खरी, मार्च २०२५. ज्यांच्या चिपा तेव्हा रांगेत होत्या त्यांना चांगलीच वाट बघावी लागली. पण पीडीके, योसिस, ओपनरोड (ले-आउट करणारं टूल) हे काही त्या कंपनीचं नव्हतं त्यामुळे काम थांबलं नाही, टायनी टेपआउटवाल्यांनी जर्मनीच्या आयएचपीकडे शटल नेली आणि स्कायवॉटरचीही सोय पुन्हा झाली. ही टूल्स एकामागून एक चालवणारं ओपनलेन आता लिब्रेलेन नावाने चालतं. पैसे भरताना त्या शटलचं पान नीट वाचा म्हणजे झालं.

रियाजपेटी:
मंडळी, झालं! एलएफएसआर, मात्रा, लय, कोणत्या बोलाची कुठली पायरी चालू आहे ते, पीडब्ल्यूएमचा काउंटर, आणि तो "भरलंय का" वाला फ्लॉप, एवढ्यांनाच रिसेट दिला. मेमरी तशीच सोडली. गेट लेव्हल टेस्ट पास. मेमरी अजून लाल दिसते पण भरेपर्यंत तो लाल रंग बाहेर येत नाही. टेस्टमध्ये ताल मध्येच बदलायचाही भाग घातला. जागा पुरली, थोडी उरलीसुद्धा.

आता एकच, चिपमधून पीडब्ल्यूएम बाहेर येईल तिथे अँप्लिफायरच्या आधी फिल्टर काय लावू? बोर्डावर थेटच जोडलं होतं आणि वरती बारीक शीळ येते.

खडकमाळ_आळी:
हे मात्र माझ्या पेठेतलं काम. १ किलोओहम सीरिजमध्ये, पुढे १० नॅनोफॅरड ग्राउंडला, कटऑफ सोळा किलोहर्ट्झच्या आसपास येतो. तरी शीळ राहिली तर कपॅसिटर २२ करा. आणि पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी किती ठेवलीय? २० किलोहर्ट्झच्या खाली असेल तर फिल्टरला दोष देऊ नका, आधी ती वाढवा.

रियाजपेटी:
१३ च्या आसपास आहे. ११ बिटांचा काउंटर आहे २७ मेगाहर्ट्झवर. ८ बिट केला तर शंभरच्या वर जाईल ना?

खडकमाळ_आळी:
१०५. करा, डब्यासारख्या आवाजाला ८ बिट पुष्कळ झाले, आणि तीन फ्लॉपही वाचतील.